कानाजवळचा हात

टॅक्सीवाल्याला दंड आला होता, गाडी चालवताना मोबाइल कानाला लावल्याचा. लेकीने कॅमेऱ्याचा फोटो मोठा करून दाखवला. "बाबा, कानाशी काय चमकतंय? भरून टाका गुपचूप." "मोबाइल खिशातच होता," म्हणत चष्मा चढवून तो फोटोवर वाकला. कानाशी बायकोचा हात होता. शिवण अर्धवट टाकून ती टॅक्सीत मागे बसायची, शिवताना बोटात घातलेली पत्र्याची टोपी काढायला विसरायची आणि त्याने वेग वाढवला की कान पिळायची. "साहेब, पोचायचंय, उडायचं नाही!" फोटोत ती सीटआड झाकली गेली होती आणि फोटोनंतर पुढच्याच आठवड्यात वारली. शिवणयंत्राच्या खणातली टोपी त्याने खिशात घातली. "हरकत घेतो." "बाबा, कान पिळला म्हणजे तुम्ही सुसाट होतात! दुप्पट दंड बसेल." "बसू दे, ती चूक माझीच. पण तुझ्या आईच्या हाताला मोबाइल म्हणायचं नाही."