खानोलकर सरांचा तास

खानोलकर सर जाऊन बराच काळ लोटला होता, पण विद्यापीठात त्यांचा गणिताचा तास अजून चालूच होता. जुनी ध्वनिमुद्रणं, तपासलेले पेपर, हजेरीपट असं सगळं एकत्र करून विद्यापीठाच्या यंत्रणेनं सर पुन्हा फळ्यापुढे उभे केले होते.

त्यांच्या पत्नी कुमुदताई आज पहिल्यांदाच वर्गात येऊन मागे बसल्या. सर संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, शिकवत होते. "बारीक बारीक तुकडे जोडत गेलं, की पूर्ण आकार हाती येतो," ते म्हणाले. चष्मा वर सारायची लकबसुद्धा तीच होती.

न राहवून कुमुदताईंनी विचारलं, "मला ओळखलंत?"

"माफ करा बाई. आपण कोण?"

घरातला चहा, भांडणं, गच्चीवरच्या गप्पा, यातलं काहीच विद्यापीठाकडे नव्हतं. त्या उठून निघाल्या, पण दाराशी थबकल्या. मग त्यांनी लग्नाआधीचं नाव सांगितलं. "कुमुद टिळेकर."

सरांचा चेहरा उजळला. "टिळेकर! अहो, परवाच्या पेपरात एवढं मोठं गणित सोडवलंत आणि शेवटचा स्थिरांक लिहायला विसरलात? असं कसं चालेल?"

मुलं हसली. कुमुदताईही डोळे पुसत हसल्या. त्या दोघांचं पहिलं बोलणं हेच होतं, याच शब्दांत.

"या, फळ्यावर पूर्ण करा पाहू," सर म्हणाले.

"आले, सर," म्हणत कुमुदताई लगबगीनं पुढे गेल्या.