धारिका

"बाई, ही नवी सिस्टिम काढा आणि पहिलीच टाका," वाचनालयातला कारकून केरकर संगणकाकडे बोट दाखवत म्हणाला. "तिच्यात फाइल होती, सेव्ह होतं. हिच्यात धारिका काय, जतन काय. माणसं हात लावायला घाबरतात."

वाचनालयात ही सिस्टिम निवृत्त शिक्षिका हेमलताबाईंनी बसवली होती. या मोफत, मुक्त प्रणालीतले मराठी शब्दही त्यांनीच घडवले होते. नऊ वर्षं, एक पैसाही न घेता. 'धारिका'साठी तर त्या भाषेच्या जाणकारांशी आठवडाभर भांडल्या होत्या. केरकरला सांगायचं अगदी ओठांवर आलं, पण लाज वाटली.

दुपारभर बसून त्यांनी जुनी सिस्टिम परत घातली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली.

केरकरचा चेहरा खुलला. "हां, आता कसं आपलं वाटतंय."