मधल्या जाहिराती

आई गेल्यावर नीलच्या वडिलांनी, रघुवीररावांनी, एकच हट्ट धरला. तिची आवडती मालिका पूर्वी टीव्हीवरून एका हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करून ठेवली होती, ते भाग त्यांना पुन्हा बघायचे होते. नीलने स्वस्तातला टॅब आणला, तर त्यावर त्या जुन्या फाइली चालेनात. मग रविवारभर फणसवाडीतल्या घरी लॅपटॉपला चिकटून त्याने एकेक भाग टॅबवर चालेलसा करून घेतला. टॅबमध्ये जागा बेताची, म्हणून मधल्या जाहिराती तेवढ्या कापून टाकल्या.

संध्याकाळी रघुवीरराव टॅब मांडीवर घेऊन बसले. पण मालिका बघायची सोडून ते बोटाने नुसतं पुढे पुढे सरकवत राहिले.

"बाबा, नीट बघा ना. एकही जाहिरात नाही मध्ये, सगळ्या उडवल्यात," नील कौतुकाच्या आशेने म्हणाला.

त्यांचं बोट थांबलं. "सगळ्या? त्या जुन्या डिस्कमध्ये असतील ना पण?"

"ती दिली की भंगारवाल्याला. कशाला उगाच अडगळ?"

रघुवीररावांनी टॅब अलगद पालथा ठेवला.

"त्यात फिनाइलच्या जाहिरातीत एक बाई पाठमोरी लादी पुसायची बघ, ती तुझी आई होती रे. कॉलेजात मित्रांसमोर तुला लाज वाटेल, म्हणून तिनं मला कधी सांगू दिलं नाही."