माऊचा पाव

"आधी हिला भेटा, मग पीठ भिजवू," बेकरीवाला म्हणाला आणि ताज्या पावांचा ट्रे टेबलावर ठेवून त्याने मुलीला हाक मारली. "माऊ, ये गं."

दुपारची वेळ, शटर अर्धं ओढलेलं. पीठ मळायच्या लांब टेबलाभोवती काही आईबाप उभे होते. सगळ्यांची मुलं माऊसारखीच, स्वमग्न. दवाखान्यातल्या पालकांच्या गटात त्यांनी या पावाची ख्याती ऐकली होती आणि आज तो शिकायला आले होते.

माऊ आली. पंधरा वर्षांची, उंचीने बापाच्या खांद्याला लागलेली, गळ्यात आवाज अडवणारे जाड हेडफोन. कुणाकडे न बघता तिने पाव उचलला, आधी कडक कड खाल्ली, मग आतला मऊ भाग, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

"वर्षापूर्वी ही मऊ भागाला बोट लावत नव्हती," बेकरीवाला म्हणाला. पोरीने स्पर्धा जिंकल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

"आणि झोप?" एका तरुण आईने विचारलं. तिचे डोळे तांबारलेले होते. सगळे खरं तर त्याचसाठी आले होते.

"तेच सांगतो."

माऊ लहानपणापासून झोपेची वैरीण. घर झोपलं की ही घरभर फिरायची, दिवे लावायची, नळ सोडून पाण्याकडे बघत बसायची. आई इस्पितळात परिचारिका, बहुतेक रात्री कामावर. त्यामुळे जागरण बापाच्या वाट्याला. "नाव माऊ ठेवलं तेव्हाच समजायला हवं होतं," तो म्हणाला. लोक हसले.

खाण्याचीही तीच तऱ्हा. दूध आणि बापाच्या पावाची कड, बाकी कशाला हात नाही. त्यात पोट सारखं बिघडायचं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि गहू-दूध काही काळ बंद करून बघायला सांगितलं. "पोट शांत होईल असं वाटतं. झोपेचं मात्र वचन देत नाही," त्या म्हणाल्या होत्या.

"बेकरीवाल्याच्या पोरीला गहू बंद. म्हणजे कोळ्याच्या पोरीला मासा बंद," बेकरीवाला म्हणाला. तेव्हा मात्र त्याला हसू आलं नव्हतं. तिचं वजन उतरायला लागलं होतं. त्याने तांदळाचं पीठ घेतलं, त्यात इसबगोल घातलं आणि प्रयोग सुरू केले. पहिला पाव भिंतीत विटेच्या जागी चालला असता. दुसऱ्याचा डिंक झाला. माऊ हुंगायची आणि परत ट्रेमध्ये ठेवायची.

रात्री पोरीमागे, पहाटे भट्टीपुढे. एका सकाळी त्याला उभ्या उभ्याच डुलकी लागली आणि हात तापलेल्या दारावर पडला. त्याने बाही वर करून दाखवली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी अजून गुलाबी होती.

"माऊ तिथेच होती," तिची आई म्हणाली. ती इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. "रडली नाही, ओरडली नाही. मी जखम धुवत होते, ही शेजारी उभी राहून बघत होती. पट्टी बांधून होईपर्यंत हलली नाही."

"आणि बघा, देव कसा देतो," बेकरीवाला म्हणाला. "उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्या हाताने पीठ भिजवलं. पाणी जास्त पडलं. टाकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून तसंच साच्यात ओतून भाजलं. तर काय, बाहेरून कुरकुरीत, आतून कापूस. माऊने अख्खा पाव संपवला. आणि त्या रात्री झोपली."

टेबलाभोवतीचे आईबाप आणखी पुढे सरकले.

"सकाळी कामावरून आले," आई म्हणाली, "तर दिवे बंद, नळ बंद. हे त्यांच्या खोलीत घोरतायत, ही आपल्या अंथरुणात सरळ पडलेली, डोळे मिटून. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरले."

तेव्हापासून एकदाही जागरण नाही. बेकरीवाल्याने काचेवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माऊचा पाव'. लांबून लोक यायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट सुधारलं, वजन वाढलं, हे नक्की. पण झोप पावामुळेच आली असं मी म्हणणार नाही. "तुम्ही म्हणू नका. मी म्हणतो," त्याने उत्तर दिलं होतं. हे सांगताना त्याने छाती जराशी फुगवली, आणि आज कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

तरुण आईने ट्रेमधला पाव हातात घेऊन दाबून पाहिला. "हिच्याशी बोलले तर चालेल?"

"बोला ना," माऊची आई म्हणाली. "विचाराल तेवढ्याचंच उत्तर देईल. पण खरं देईल. खोटं बोलणं तिला जमतच नाही."

ती बाई स्टुलासमोर खाली बसली. "माऊ, हा पाव तुला आवडतो?"

"आवडतो," माऊ म्हणाली.

बेकरीवाल्याने सगळ्यांकडे अभिमानाने बघितलं.

"आणि तो खाल्ला की झोप लागते?"

"नाही."

बेकरीवाला हसला. "अगं, असं काय म्हणतेस? वर्ष झालं, रोज गाढ झोपतेस. मी बघतो ना."

"मी डोळे मिटून पडते," माऊ म्हणाली. "मग बाबा झोपतो. झोप झाली की बाबाचा हात भाजत नाही."