ओंजळीत मावणारा कॅमेरा

फुलमाया तामांग वीस वर्षं एकटीच डोंगरात हिंडून माहितीपट बनवत होती. मोठ्या कॅमेऱ्याच्या ओझ्यानं खांदा कामातून गेला होता, म्हणून ती काठमांडूत शाक्य साहूंच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात लहान कॅमेरा शोधायला आली. पाच कॅमेरे हाताळून थकली आणि स्टुलावर टेकली. “बहिनी, हा बघा, ओंजळीत मावतो,” म्हातारे साहू म्हणाले. तिनं तो सुरू केला. “बोला काहीतरी. सकाळी काय खाल्लंत?” “चहा-चिउरा. बायको असती तर भात मिळाला असता.” साहू हसले आणि बोलतच राहिले. भूकंपात घर पडलं, ढिगाऱ्यातून बायकोच्या हाका दोन तास येत होत्या, मग थांबल्या. फुलमाया म्हणाली, “मोठ्या कॅमेऱ्यापुढे असं कुणी बोललं नाही. हाच घेते. तुमचं हे बोलणं पुसून टाकू?” “नको. माझ्या मुलींना हे ठाऊक नाही. त्यांना हेच दाखवा. माझ्यानं पुन्हा सांगवणार नाही.”