मराठीतली टेस्ट

“चाळीसपैकी चौदा,” अवधूत सर म्हणाले. “वा! मागच्या आठवड्यात पंधरा होते. प्रगती चालू आहे, फक्त उलट्या दिशेनं.”

अपेक्षानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. बॅच केव्हाच सुटली होती. स्वारगेटजवळच्या त्या क्लासच्या खोलीत आता हे दोघंच होते, आणि सर तिच्यासाठीच थांबले होते. माणूस जिभेनं तिखट, पण पोरांना वाऱ्यावर सोडणारा नव्हे.

शनिवारी इंग्रजीची परीक्षा होती. तिसरी आणि शेवटची, कारण त्यानंतर इंग्लंडच्या विद्यापीठानं दिलेली मुदत संपत होती. प्रवेश गेला की सरकारी शिष्यवृत्तीही गेली. वाचन, लेखन, बोलणं, तिन्हींत पोरीचे गुण उत्तम. गाडी अडली होती ती फक्त ऐकण्यापाशी.

“होतं काय नेमकं? स्पीड जास्त वाटतो?”

“आवाज येतो सर, फुल व्हॉल्यूम केलाय. पण नुसतं भुणभुणल्यासारखं होतं. शब्द सुटे होत नाहीत.” ती ओशाळली. “मराठी मीडियम ना सर. दहावीपर्यंत कुणाच्या तोंडून इंग्रजी ऐकलंच नव्हतं.”

हे कारण त्या क्लासमध्ये रोज कुणी ना कुणी सांगायचं, आणि सरांना ते पटायचं. तेही मराठी शाळेतलेच. त्यांनी मधमाश्यांवरच्या व्याख्यानाचा छापील उतारा काढला, खुर्ची ओढून तिच्या पुढ्यात बसले आणि जमेल तेवढा गोऱ्यांचा हेल काढून तो खणखणीत वाचून दाखवला. या वेळी तिनं उत्तरं धडाधड लिहिली. एकही चूक नाही!

“बघ. म्हणजे इंग्रजी येतंय की तुला. भीती बसलीय, दुसरं काही नाही. भीतीवर आपल्याकडे औषध आहे.”

ते औषध क्लासमध्ये प्रसिद्ध होतं. सरांनी स्वतःच्या आवाजात एक रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. जुन्या विहिरींवरचं व्याख्यान, हुबेहूब परीक्षेसारखं, दहा प्रश्न, एकदाच ऐकायचं. फक्त भाषा मराठी. ज्याचा धीर सुटला त्याला सर ते लावून द्यायचे. दहापैकी दहा आले की पोरगं हसायचं, मोकळं व्हायचं, आणि सर म्हणायचे, “हेच कान, हेच डोकं. आता नुसती भाषा बदलायची.” आजवर कुणाचा एक गुणही गेला नव्हता.

अपेक्षानं हेडफोन चढवला. सरांनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

ती कागदावर वाकली. पेन हललं, थांबलं. मग तिनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला आणि डोळे मिटले. पेन टेबलावरून खाली पडलं, तरी तिनं ते उचललं नाही.

रेकॉर्डिंग संपलं तेव्हा कागदावर तीन उत्तरं होती, तीही अंदाजपंचे. बाकी सगळं कोरं.

“चेष्टा करतेस का माझी?” सर म्हणाले.

ती खाली मान घालून बसली होती. सरांनी तिचा हेडफोन काढून घेतला, रेकॉर्डिंग पुन्हा लावून तो स्वतःच्या कानाला धरला आणि चटका बसल्यासारखा झटकन काढला. केवढा मोठा आवाज! आणि किती स्वच्छ, अक्षर न् अक्षर सुटं.

ते तिच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “अपेक्षा, घरी कोण कोण असतं?”

ती कोऱ्या कागदाकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं मानही हलवली नाही. ते पुढे आले, तिला वर बघायची खूण केली आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

“आई, बाबा आणि आजी,” ती लगेच म्हणाली. “विश्रांतवाडीला राहतो आम्ही. बाबा भोसरीला, प्रेसशॉपमध्ये. पत्रा ठोकायच्या मशीनच्या खडखडाटात उभं राहून त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलतात.” ती जरा हसली. “का सर?”

“आत्ता विचारलं ना मी, तेव्हा आवाज काढला नव्हता. नुसते ओठ हलवले.”

तिचं हसू तोंडावरच राहिलं. खाली बसवाल्यांचे हॉर्न चालले होते, त्यातला एकही बहुधा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. सरांना स्वतःचा राग आला, भयंकर राग. तीन महिने त्यांनी या पोरीला हेल शिकवले होते.

“कानाच्या डॉक्टरांकडे जा. उद्याच जा.” ते आता एकेक शब्द तिच्याकडे बघून बोलत होते. “परीक्षेत अशांसाठी वेगळी सोय करतात. पण ती... त्यासाठी फार आधी कळवावं लागतं.”

“अशांसाठी,” ती म्हणाली.

सरांनी टेबलाची कड धरली.

अपेक्षानं मराठीतल्या प्रश्नांचा कागद उलटा करून बाजूला सारला. खालचं पेन उचललं. हेडफोन कानांवर चढवला आणि नीट बसवला.

“इंग्रजीचं लावा सर,” ती म्हणाली. “ते शिकता तरी येतं.”