चार गोळ्या

"आता पुरे झाल्या त्या गोळ्या!" शरयूने नवऱ्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं.

आफ्रिकेत धरणाच्या कामावर तो पाच महिने होता. तिथे मलेरिया फार, म्हणून दर रविवारी एक गोळी. घेतली की दिवसभर मळमळायचं. तरी शरयूच फोनवरून दरडावायची, "घेतलीत ना?"

"अगं, परत आल्यावरही चार आठवडे घ्यायच्या असतात," तो म्हणाला.

"इथे कुठून येणार तिथला डास? किती वाळलात! आज तरी पोटभर जेवा." पाकीट तिने फडताळातल्या एका डब्यात टाकलं आणि त्याच्या ताटात आणखी एक भरलं वांगं वाढलं. तो हसून जेवला.

सोळाव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला. रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरांनी विचारलं, "मलेरिया तिथूनच अंगात आलाय. आल्यावर गोळ्या का थांबवल्यात?"

शरयू काही बोलणार, तोच तो कुडकुडत म्हणाला, "विसरलो हो, डॉक्टर." चादरीखाली त्याने तिचा हात घट्ट दाबला होता.

तिसऱ्या दिवशी ती पकड सुटली.

तेराव्याची जेवणं आटोपल्यावर नणंद डोळे पुसत म्हणाली, "दादा पहिल्यापासूनच विसराळू, वहिनी. शाळेत डबासुद्धा विसरून यायचा."

सगळ्यांनी माना हलवल्या. शरयू उठली. स्वयंपाकघरातून पाकीट आणून तिने नणंदेच्या हातात ठेवलं. त्यात चार गोळ्या तशाच होत्या.

"ते एकदाही विसरले नव्हते, वन्सं," ती म्हणाली. "मी घेऊ दिल्या नाहीत."